तांब्यावरची एक ओळ

आम्स्टरडॅम, २६ फेब्रुवारी १६४४

ताई,

पेटी पोचली. कालव्याच्या होडीवाल्याने ती स्वतः दारात आणून टेकवली आणि वर विचारलं, "हार्लेमच्या बाईंनी चीज पाठवलंय वाटतं?" मी म्हटलं, हो, फार जुनं आहे, उघडलं तर वास सुटेल.

तू चिठ्ठीत बजावलं होतंस की उघडू नकोस, माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेव. ताई, दुसऱ्यांची चित्रं तांब्यावर कोरून त्यांचे छाप विकणारा माणूस मी. माझ्याकडे चित्र द्यायचं आणि बघू नकोस म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं झालं. अ‍ॅना नको नको म्हणत होती. मी उघडलं.

आत कोण, तर दाजी!

काळा अंगरखा, मागावर बसलेले, हातात धोटा, तोंड जरासं खिडकीकडे. डावी भुवई मधेच तुटलेली, तीसुद्धा आहे. कोपऱ्यात योस्टची सही. तुमच्या गल्लीत समोरच्या माडीवर भाड्याने राहतो तोच ना हा? त्याच्यात एवढं पाणी असेल असं वाटलं नव्हतं.

नंतर मात्र मला हसू आवरेना. नऊ वर्षांपूर्वी आपल्या पंथाच्या मंडळीत, भर प्रार्थनेत उभं राहून मला वाळीत टाकल्याचं ज्यांनी वाचून दाखवलं, ते हेच. माझा गुन्हा काय, तर मी लग्न केलं ती अ‍ॅना आपल्या मंडळीतली नाही. तेव्हापासून माझी सख्खी बहीण माझ्या घरी घोटभर पाणीसुद्धा प्यायलेली नाही. वर जाता जाता उपदेश मिळाला तो वेगळाच: "माणसाने स्वतःचा चेहरा रंगवून घेणं हा गर्व, आणि तो छापून विकणं हा गर्वाचा बाजार." आता तेच चित्रकारासमोर जाऊन बसले? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दाजींना माझा नमस्कार सांग. अरे हो, तोही चालत नाही, नाही का.

तुझा
लुबर्ट

*

हार्लेम, ३ मार्च

लुबर्ट,

देव तुला सुबुद्धी देवो. लहानपणी आईने झाकून ठेवलेलं भांडं उघडून बघितल्याशिवाय तुला चैन पडायची नाही, आणि आता दाढी पिकली तरी तसाच आहेस.

चित्र योस्टचं आहे. तो पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर नाव नोंदवून गेला. मागे सामान ठेवायला त्याला जागा नव्हती म्हणून ते माझ्याकडे दिलं, आणि आमच्या घरात असली वस्तू ठेवणं शक्य नाही म्हणून मी तुझ्याकडे पाठवलं. एवढंच आहे. यात खोदून काढण्यासारखं काही नाही. तुझ्या दाजींना, वायब्रांटना, यातलं अक्षरही विचारायचं नाही, कळवायचं नाही.

आणि हसतोस कसला? तू गेल्यापासून मंडळी सैल झालेली नाही, जास्तच कडक झाली आहे. कापड उन्हात घालून पांढरं करणारा तो आड्रियान आठवतो? लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याने हौसेने स्वतःचं चित्र काढून घेतलं. शरदात त्याला वाळीत टाकलं. वायब्रांटनीच वाचलं, उपदेशक म्हणून ते त्यांचंच काम. त्याची बायको नील्ट्ये अजून मंडळीत आहे. नियम तुला माहीत आहे. वाळीत टाकलेल्याबरोबर एका मेजावर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, आणि तो नवरा असला तर एका अंथरुणात झोपायचंही नाही. ती स्वयंपाकघरात जेवते, तो पुढच्या खोलीत. परवा कालव्याच्या पायऱ्यांवर धुणं धुताना म्हणाली, "तो खोकतो ते भिंतीतून ऐकू येतं गं. पण उठून जाता येत नाही."

तेव्हा ते चित्र भिंतीकडे वळव आणि विसरून जा. हे पत्र चुलीत टाक.

लिसबेत

*

आम्स्टरडॅम, ४ एप्रिल

ताई,

रागावू नकोस असं पहिल्याच ओळीत लिहितो. तू रागावणार हे मला माहीत आहे.

मी ते तांब्यावर उतरवलं.

आठवडाभर भिंतीकडे वळवून ठेवलं होतं, देवाशपथ. (तुमच्यात शपथ चालत नाही, माझ्यात चालते.) मग एकदा उजेड चांगला होता म्हणून जरा फिरवलं, आणि झालं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप दिला, सुई घेतली. आरशात बघून सगळं उलटं कोरलं, म्हणजे छापल्यावर धोटा उजव्याच हातात येईल. पण हा योस्ट भलताच माणूस! याने उजेड खालून आणलाय. हनुवटीची खालची बाजू उजळ, बोटांची आतली बाजू उजळ, आणि कपाळ अंधारात. सगळे चित्रकार उजेड वरून पाडतात. ही तऱ्हा मी जन्मात पाहिली नव्हती. चार दिवस नुसता हनुवटीवर होतो. दोनदा तेजाबाने तांबं जास्त खाल्लं, दोनदा घासून पुन्हा कोरलं. पण जमली आहे, ताई. असं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

आणि नाव घातलेलं नाही, तेव्हा जीव भांड्यात पडू दे. वर फक्त "विणकर" एवढंच लिहिलं आहे. खाली नेहमीची ओळ आहे: "योस्टने प्रत्यक्ष समोर बसवून रंगवले, लुबर्टने तांब्यावर कोरले." ती सगळेच घालतात. नाहीतर गिऱ्हाईक नाक मुरडतं की हा माणूस मनातून काढलेला दिसतो. आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या राजांखालीसुद्धा ती ओळ असते.

पत्रा टायमन छापखानेवाल्याकडे दिला. त्याच्या दुकानात छाप टांगलेला आहे. लोक पुढे जातात, परत मागे येऊन बघतात. सोबत तुझ्यासाठी एक पाठवतो.

खरं सांगू? नऊ वर्षांत मी दाजींसमोर इतका वेळ बसलो नव्हतो. माझा राग थोडा उतरला.

लुबर्ट

*

हार्लेम, ९ एप्रिल

लुबर्ट,

हे काय करून बसलास?

तू पाठवलेला कागद मी चुलीत घातला. पण आज शनिवारच्या बाजारात, मोठ्या चर्चच्या भिंतीला लागून जो छापवाला बसतो, त्याच्या दोरीवर वायब्रांट टांगलेले होते. एका बाजूला गलबत, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचं वासरू, आणि मधे माझा नवरा. आपल्या मंडळीतल्या दोघी तिथे उभ्या होत्या. एकीने बोट लावून खालची ओळ वाचली, मोठ्याने. मग दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं.

नाव घातलं नाही म्हणतोस! ती भुवई हार्लेममध्ये दुसऱ्या कोणाला आहे?

पत्रा परत घे. ती ओळ खरवडून काढ. ती खोटी आहे. मला कसं माहीत, ते विचारू नकोस. आजच्या आज जा. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

लिसबेत

*

आम्स्टरडॅम, १२ एप्रिल

ताई,

टायमनकडे गेलो होतो. तो म्हणतो, खपणारा पत्रा कोणी परत देतं का? आणि बाहेर गेलेले छाप मी कुठून गोळा करू? वाऱ्यावर उधळलेला भुसा तो.

आता माझंही ऐक. तू लिहितेस, ओळ खोटी आहे. खोटी कशी? असला उजेड, असली बोटं महिनामहिना समोर बसल्याशिवाय रंगवता येत नाहीत. हे मला कळतं, माझा धंदा आहे. दाजी बसले. आपल्या पायांनी गेले आणि बसले. चित्र सुंदर झालं, त्यांनाही आवडलं असेल, माणूसच आहेत. मग आता निस्तरू देत की. मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज कापलासुद्धा नव्हता. मी दारापर्यंत चालत गेलो तेव्हा तू मान खाली घातलीस, ताई. मी वळून पाहिलं होतं. अ‍ॅनाचं पहिलं बाळंतपण झालं, तू आली नाहीस. ते मूल गेलं, तेव्हाही आली नाहीस.

थोडी चव त्यांनाही कळू दे.

लुबर्ट

*

हार्लेम, १८ एप्रिल

लुबर्ट,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी आले नाही. त्याची लाज मला वाटते, आणि आज मी तुझ्याकडेच हात पसरते आहे त्याचीही वाटते.

परवा मंडळीचे वडीलधारे कारभारी आले. तिघे होते, पण बोलले एकटे आरिस. ते वाईट नाहीत. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात वायब्रांट छातीच्या दुखण्याने पडले होते तेव्हा त्यांनी आमच्याकडे सरपण आणून टाकलं होतं. त्यांनी तुझा कागद मागावर पसरला, अर्ध्या विणलेल्या कापडावर.

"वायब्रांट, हा तू?"

वायब्रांट वाकून बघत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी दाराशी उभी होते, माझे हात पिठाचे होते. मग म्हणाले, "मीच."

"समोर बसलास?"

वायब्रांटनी धोटा कागदाखालून काढून बाजूला ठेवला.

"इथे तसं लिहिलंय," आरिस म्हणाले. "हे बघ, बसला असशील तर चुकलो म्हण. मंडळी माफ करेल. आड्रियानने हट्ट केला म्हणून तो बाहेर गेला. तू हट्टी नाहीस. नसशील बसला तर नाही म्हण. तुझं नाही म्हणजे नाहीच, त्यावर कोणी शंका घेणार नाही. काहीतरी एक बोल."

ते काहीच बोलले नाहीत. आरिसनी तीनदा विचारलं. शेवटी म्हणाले, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, रविवारी, भर मंडळीत विचारू, आणि तिथे गप्प बसलास तर गप्प बसणं हेच उत्तर धरू.

लुबर्ट, ते समोर बसले नव्हते. त्यांना माहीतही नव्हतं. ते मी केलं.

मागाजवळच्या खिडकीची खालची झडप आम्ही हिवाळ्यात लावून ठेवतो, वाऱ्यासाठी. ती यंदा मी उघडी ठेवत होते. म्हटलं, चुलीचा धूर कोंडतो. समोरच्या माडीवरून योस्टला ते तेवढ्यातून दिसायचे. तीन महिने, रोज सकाळी. त्याला मी माझी लग्नातली चांदीची कात्री दिली. का केलं विचारशील. दुखण्यात वैद्याने सांगितलं होतं की दुसरा हिवाळा काढतील असं दिसत नाही. त्या रात्री मी मार्टेनला आठवायला गेले. माझा मार्टेन, प्लेगात गेला तो, सहा वर्षांचा. लुबर्ट, मला त्याचा चेहरा आठवेना. टोपी आठवली, पुढचे दोन दात पडलेले आठवले, आवाजही आठवला. चेहरा नाही. आई असून नाही. मी रात्रभर शोधत होते. मग ठरवलं की यांचं असं होऊ द्यायचं नाही, काय पाप लागायचं ते लागो.

आता ते बरे झाले आणि हे असं झालं.

तू मंडळीला लिही. सांग की ती ओळ म्हणजे तुमच्या धंद्यातली सवय, तिचा काही अर्थ नाही. माझं नाव घालू नकोस. ते मंडळीबाहेर गेले तर मला वेगळं जेवावं लागेल, वेगळं झोपावं लागेल. ते खोकतील आणि मी भिंतीपलीकडे ऐकत पडेन. मला ते व्हायचं नाही. आणि मीच केलं हे सांगायचं धैर्यही मला नाही.

ते गप्प का आहेत, तेवढं मला कळत नाही. नाही म्हणायला त्यांचं काय जातं?

लिसबेत

*

आम्स्टरडॅम, २१ एप्रिल

ताई,

मी गाढव आहे. मागचं पत्र जाळून टाक.

पत्रा सुटला. बदल्यात वर्षभर टायमनच्या नकाशांच्या कडांना वेलबुट्टी कोरायची कबूल केलं आहे. अ‍ॅना म्हणाली, "दोन वर्षं म्हणाला असता तरी हो म्हण." ती ओळ मी स्वतः खरवडली आणि तांबं घासून गुळगुळीत केलं. मंडळीसाठी पत्र वेगळं बंद करून सोबत ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे की ती ओळ मी घातली, कोणालाही न विचारता, विक्रीसाठी, आणि दाजी समोर बसल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही. सगळं खरं आहे. तुझं नाव नाही.

पण तू विचारलंस की ते गप्प का. ताई, तुला खरंच कळलं नाही?

मी चार दिवस ज्या हनुवटीशी झगडलो तिच्यावरचा उजेड खालून येतो. दाजी त्या खिडकीशी वीस वर्षं विणतात. हिवाळ्यात आपल्या हातांवर उजेड कुठून पडतो हे त्यांना कळणार नाही तर कोणाला? त्यांनी कागद वाकून पाहिला, इतका वेळ पाहिला, तो चेहरा बघायला नव्हे. उजेड बघत होते. खालची झडप उघडी होती, आणि ती कोण उघडतं हे त्यांना ठाऊक आहे.

हो म्हणाले तर खोटं होतं. नाही म्हणाले तर आरिस पुढचा प्रश्न विचारणार: मग कोणी केलं? तेव्हा त्यांना तुझं नाव घ्यावं लागेल, कारण खोटं ते बोलत नाहीत. म्हणून तोंड मिटून बसलेत. त्यांना सगळं माहीत आहे, ताई. तुझ्या आधी त्यांनी ठरवून टाकलंय.

मी नऊ वर्षं त्यांना दगड म्हणत आलो.

काय कर ते मी सांगणार नाही. तू बोललीस तर तुला टाकतील, गप्प राहिलीस तर त्यांना. दोन्हीकडून मेज वेगळंच होणार. माझं पत्र उपयोगी पडो एवढीच आशा.

लुबर्ट

*

हार्लेम, ४ मे

लुबर्ट,

तुझं पत्र आरिसनी फोडलंच नाही. हातात घेतलं, शिक्का पाहिला आणि बाकावर ठेवलं. "वाळीत टाकलेल्याची साक्ष चालत नाही." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, नियम म्हणून म्हटलं.

मग वायब्रांटना उभं केलं. पुन्हा तोच प्रश्न. ते समोर भिंतीकडे बघत होते. पहिल्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा आरिसनी तोंड उघडलं आणि मी बायकांच्या बाकावरून उठले. आमच्यात बायका मंडळीत बोलत नाहीत, ते तुला माहीत आहे. सगळ्या माना वळल्या. वायब्रांटही वळले, आणि त्यांनी मान हलवली, इतकीशी. नको, असं.

मी सांगितलं. झडप, योस्ट, कात्री, सगळं. मार्टेनचंही सांगितलं.

आरिसनी डोळे पुसले. खोटं का बोलू, पुसले. म्हणाले, "लिसबेत, आईचं मन आहे. कोणी दगड नाही इथे. पश्चात्ताप होतो एवढं म्हण, आणि घरी जा."

मागून नील्ट्ये माझा झगा ओढत होती. "हो म्हण गं. हो म्हण आणि बस. माझी दशा बघतेस ना?"

मला हो म्हणायचं होतं, लुबर्ट. ओठांवर आलं होतं. पण आपल्यात शपथ नाही. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, तीच आपली शपथ. मी मनात शोधलं. भीती होती, लाज होती, वायब्रांटना या फेऱ्यात ओढल्याचं दुःख होतं. पश्चात्ताप नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करेन, हे मला दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं.

मग मला टाकलं. आरिस म्हणाले, वाचायला दुसरा कोणी उभा राहील. वायब्रांट म्हणाले, "माझं काम आहे." त्यांनीच वाचलं. तुझं वाचलं होतं त्याच आवाजात. माझ्या नावापाशी ते थांबलेसुद्धा नाहीत.

घरी आलो. मी मेजावर दोन ताटल्या मांडल्या, सवयीने. त्यांनी आपली ताटली उचलली आणि मागच्या खोलीत गेले. झोपतात तिथेच, मागाशेजारी जमिनीवर. मी ताकाचा पेला त्यांच्या उंबऱ्यावर ठेवते, संध्याकाळी तो तसाच भरलेला उचलते. रागावलेले नाहीत. रागावले असते तर ओरडले असते, मी उलट ओरडले असते, काहीतरी झालं असतं. ते नुसते नियम पाळतात.

आता तुझ्याकडे येऊन मी पाणी पिऊ शकते, अ‍ॅनाच्या हातचं जेवूही शकते. तू ये म्हणशील. पण मी येणार नाही. इथून निघाले तर धोट्याचा आवाजही ऐकू येणार नाही, आणि आता तेवढाच उरला आहे.

लिसबेत

*

हार्लेम, १६ मे १६४४

लुबर्टास, वायब्रांटकडून.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. हात विणायला सरावलेला आहे, लिहायला नाही, म्हणून जे लिहितो ते सरळच लिहितो.

काल ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला मंडळीत माझं नाव वाचलं गेलं. आरिसने वाचलं. तो दोनदा थांबला. आता मीही तुझ्यासारखाच बाहेर आहे.

मंडळीतले व्यापारी मला सूत देत, ते आता देणार नाहीत. माग माझा स्वतःचा आहे. दुसरीकडून सूत मिळेल किंवा मिळणार नाही. चित्राबद्दल माझं मत बदललेलं नाही. माणसाचा चेहरा देवाने केला तेवढा पुरे. पण ते लिसबेतचं आहे. तिला हवं असेल तर तू घेऊन ये आणि लाव. मी तिकडे पाठ करून बसेन.

उजेडाबद्दल तू तिला जे लिहिलंस ते तिने मला वाचायला उंबऱ्यावर ठेवलं होतं, ते मी आता उचलून वाचलं. तू बरोबर ओळखलंस. ती झडप का उघडी असावी हेही मला तेव्हाच समजलं होतं. मार्टेनचं ती झोपेत बोलते.

तुझं नाव वाचलं तेव्हा, आणि तिचं वाचलं तेव्हाही, मी न थांबता वाचलं. मला वाटायचं, थांबलो नाही तर ते मंडळीचे शब्द राहतील, माझे होणार नाहीत. ते माझेच होते. तुझं मूल गेल्याचं मला तेव्हा कळलं होतं. मी लिसबेतला जाऊ दिलं नाही. याची माफी मागतो. द्यायची की नाही ते तू ठरव.

येत्या रविवारी इकडे या. अ‍ॅनाला आण. तिला मी पाहिलेलं नाही. घरात राईची भाकरी आहे, वाटाणे आहेत, थोडं डुकराचं मांस आहे. सगळे एका मेजावर बसू.

हे कसं झालं तेही तुला कळायला हवं. अकरा दिवस मी नियम पाळला. पाळता आला, त्याचीच मला भीती वाटते. गुरुवारी दुपारी आरिस आला होता, मी कसा आहे बघायला. मला एकटं वाटू नये म्हणून रोज कोणीतरी येत असे. आम्ही मागापाशी बोलत होतो तेवढ्यात लिसबेत ताक घेऊन आली. आत आरिस आहे हे तिला माहीत नव्हतं. ती पेला उंबऱ्यावर ठेवायला वाकली, आणि तिची पाठ दुखते म्हणून एका हाताने तिने चौकट धरली. मी उठलो. पेला जमिनीला टेकायच्या आत तिच्या हातातून घेतला आणि तिच्यासमोर उभं राहून प्यायलो. सगळा.

आरिसचा चेहरा पांढरा पडला. पण त्याने मला वाट काढून दिली, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. नियमात नडीला सूट आहे. टाकलेल्या माणसाच्या हातचं पाणी तहानेने जीव जात असेल तर घेता येतं. तो घाईघाईने म्हणाला, "ऊन आहे आज. सकाळपासून मागावर बसलायस, वायब्रांट. तहान लागली होती ना? हो म्हण, मी जातो, आणि मी काही पाहिलेलं नाही."

लिसबेत चौकट धरून तशीच उभी होती.

मी म्हटलं, "तहान नव्हती."

वायब्रांट